म्हणजे नेमकं काय झालं?

माझी आजी प्रार्थनेला बसली की तिची भाषा बदलायची. "हे सर्वसमर्थ, परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी दीन लेकरे तुझ्या कृपेच्या राजासनाजवळ येतो" अशी सुरुवात, आणि "आमेन" म्हणून डोळे उघडले की लगेच, "अगं, गॅस बारीक कर, दूध उतू जाईल." मध्ये श्वाससुद्धा घेत नसे. आम्हा नातवंडांना त्यात काहीच वावगं वाटायचं नाही. नगरच्या ख्रिस्ती घरांत वाढलेल्या कुणालाही या दोन्ही मराठी येतात. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरमध्ये १८३१ साली सुरू झालं. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या घोटून ही रविवारची मराठी तयार झाली आहे, आणि ती मला आवडते. माझ्या आईवडिलांना निरोप दिला तो याच भाषेत.

अडचण येते ती बाहेरून कुणी आलं की.

गेली काही वर्षं मी पिंपरीत आमच्या मंडळीत उपासनेनंतर नव्या लोकांबरोबर बसते. कागदावर त्याला 'नवागतांचा वर्ग' म्हणतात. प्रत्यक्षात चर्चच्या मागच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा आणि पारले-जी. येणारे लोक धर्मशास्त्र शिकायला आलेले नसतात. कुणाचं लग्न ख्रिस्ती मुलीशी ठरलेलं असतं, कुणाच्या आजारपणात शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाने दवाखान्यात रात्री काढलेल्या असतात, कुणी नाताळची गाणी ऐकून नुसतं डोकवायला आलेलं असतं. त्यांच्या समोर आमच्यापैकी कुणीतरी उभं राहतं आणि तारण, साक्ष, सहभागिता, अभिषेक, नवा जन्म, कोकऱ्याचं रक्त असं सगळं एका दमात सांगून टाकतं. त्यातून कुणी म्हणालं, "त्या कुटुंबासाठी माझ्या मनात ओझं आहे," तर नवा माणूस बिचारा विचारात पडतो की या दोन घरांत भांडण आहे की काय. ओझं म्हणजे सतत प्रार्थना करावीशी वाटणारी काळजी, हे आम्हाला न सांगता कळतं. त्याला कसं कळावं?

एका पतसंस्थेत कर्जविभागात काम करणारे गृहस्थ यायचे. "येशू आमचा तारणारा" हे दोन-तीन रविवार ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, तारण म्हणजे आम्ही सोनं ठेवून घेतो, ते ना?" ते चेष्टा करत नव्हते. सोनेतारणाच्या फायली चाळण्यात त्यांचा दिवस जायचा. आमचे एक वडील (वयाने नव्हे, पदाने, मंडळीत 'वडील' हे पद असतं आणि नव्या माणसाचा तिथेही गोंधळ होतो) पुढे सरसावून म्हणाले, "तारण म्हणजे पापाच्या दास्यातून सुटका होऊन विश्वासाने नीतिमान ठरवलं जाणं." एक अडलेला शब्द सोडवायला चार नवे आले. गृहस्थांनी "अच्छा अच्छा" म्हणून मान डोलावली.

या मान डोलावण्याची मला धास्ती वाटते. आपल्याकडे पाहुण्या घरी जेवायला गेल्यावर मीठ कमी आहे असं कुणी म्हणत नाही, आणि प्रार्थनेच्या ठिकाणी तर नाहीच नाही. माणूस हो हो करतो, हात जोडतो, पुढच्या रविवारी कदाचित येतोही. सहा महिन्यांनी कळतं की येशू हा कुठल्यातरी नवसाला पावणारा देव आहे आणि 'आमेन' म्हणजे 'समाप्त' (खरा अर्थ 'तसंच होवो'), एवढंच त्याच्या पदरात पडलंय. नव्या पद्धतीच्या संगतींतही (म्हणजे प्रार्थनागटांतही) निराळं काही नसतं, फक्त तिथल्या जड शब्दांना इंग्रजी पोशाख असतो. ब्रेकथ्रू येणार, डोअर ओपन होणार, ब्लेसिंग रिसीव्ह करा. टाळ्या जास्त, अर्थ तेवढाच.

पण समजत नाही हा या भाषेचा लहानसा दोष झाला. मोठा दोष माझ्या लक्षात आला तो एका कॉटेज मीटिंगमध्ये. आमच्याकडे घरगुती प्रार्थनासभेला अजून हेच नाव आहे, मग ती सभा सातव्या मजल्यावरच्या वन-बीएचकेत का असेना. त्या संध्याकाळी एका दादांनी साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. भोसरीच्या एका कंपनीत कामाला असलेला चाळिशीचा माणूस. "मी अंधारात होतो. सैतानाच्या बंधनात होतो. प्रभूने मला स्पर्श केला, माझी बंधनं तोडली आणि मला प्रकाशात आणलं. आज मी जो काही आहे तो केवळ त्याच्या कृपेने. प्रभूची स्तुती असो." सगळ्यांनी आमेन म्हटलं. अशा साक्षी मी लहानपणापासून ऐकत आले आहे. नाव बदललं की माणूस बदलतो, मजकूर तोच.

मेसचे डबे करणाऱ्या एक वहिनी त्या दिवशी पहिल्यांदाच आल्या होत्या. कोपऱ्यात बसल्या होत्या, पदराने घाम टिपत. त्यांनी अगदी सरळ विचारलं, "दादा, म्हणजे नेमकं काय झालं?"

कुणीतरी खाकरलं. यजमानीणबाईंनी चहाचं विचारलं. दादा मात्र बराच वेळ सतरंजीकडे बघत राहिले, आणि मग बोलायला लागले तेव्हा आवाज वेगळाच होता. पगार झाला की दोन-तीन दिवस ते घरी जायचे नाहीत. बायको पैसे तांदळाच्या डब्यात, खाली, पिशवीत गुंडाळून ठेवायची. ते त्यांना माहीत होतं. मुलीच्या शाळेची फी होती त्यात, ती त्यांनी काढली. रात्री बायकोने भातासाठी डबा उघडला, तांदळात कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं, हात बाहेर काढला आणि काही न बोलता तांदूळ धुवायला घेतले. "मी बघत होतो," ते म्हणाले. "ती ओरडली असती तर मी पण ओरडलो असतो."

मग एकदम सोडली का? वहिनींचा पुढचा प्रश्न. नाही, एकदम काही झालं नाही. मशीनवर शेजारी काम करणारा एक ख्रिस्ती मुलगा होता. तो यांच्यासाठी एक डबा जास्तीचा आणायचा, संध्याकाळी गेटपाशी थांबायचा आणि बरोबर घरापर्यंत यायचा. मध्ये कितीदा सोडली, कितीदा धरली. आता बरेच दिवस सोडलेली आहे. "पण त्या दुकानावरून जायचा रस्ता मी अजून टाळतो. लांबून येतो घरी."

"मग ह्यात देव कुठे आला?" वहिनी सोडायला तयार नव्हत्या. प्रश्नात खवचटपणा अजिबात नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. दादांनी विचार केला. म्हणाले, "ते मला नीट सांगता येत नाही. पण मी एकटा असतो तर लांबून आलो नसतो, एवढं खरं."

त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काय म्हणाली किंवा तिला काय वाटलं ते मी लिहीत नाही, ते तिचं आहे. मला एवढंच दिसलं की 'बंधनं तोडली' या दोन शब्दांत हा माणूस कितीतरी वर्षं आरामात राहत होता. त्या शब्दांत तांदळाचा डबा नव्हता, मुलीची फी नव्हती, सोडून पुन्हा धरणं नव्हतं. ऐकणाऱ्यालाही सोय, कारण आमेन म्हणून मोकळं होता येत होतं. बोलणाऱ्याला जिथे उघडं पडायचं नसतं, तिथे आमची पोथीबंद भाषा कामाला येते. आणि आत काहीच घडलेलं नसलं तरी ती बोलता येते, हे तर आणखी वाईट. साध्या भाषेत खोटी साक्ष देणं अवघड आहे. तपशील लागतो.

मराठी ख्रिस्ती माणसाला हे कळायला पिंपरीच्या वहिनींची वाट पाहायला नको होती. पंडिता रमाबाई आमच्याच. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, वय पंचविशीचं, पदरात लहान मुलगी मनोरमा, आणि त्या नव्या धर्मात पाऊल टाकल्यापासून त्यांचं आपल्या गुरुभगिनींशी वाजायला लागलं. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मत) काय, मतांगीकार (विश्वासाचं ठरलेलं कबुलीवचन) काय, बिशपांच्या शब्दाला मान किती द्यायचा, प्रत्येक गोष्टीवर त्या पत्रांतून उलटतपासणी करत. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, हाही त्यांचा एक प्रश्न. लॅटिन मला येत नाही, माझ्या लोकांना येत नाही, मग ती भाषा इतरांहून पवित्र कशी? अक्षरं हवीतच तर संस्कृत का नकोत? मठातल्या भगिनींना हा अहंकार वाटला. मला तो शिकाऊ माणसाचा पहिला हक्क वाटतो. पुढे रमाबाईंनीच लिहून ठेवलं आहे की त्या काळात आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला मधे बरीच वर्षं गेली.

याच बाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याच्या अखेरच्या पर्वात बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कलकत्त्याच्या पंडितसभेने जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, जिच्या बापाने जंगलात राहून तिच्या आईला संस्कृत शिकवलं, तिला संस्कृतप्रचुर बायबल लिहिणं हा डाव्या हाताचा खेळ होता. तिने नेमकं तेच टाळलं. त्या वेळच्या बायबलची पंडिती वळणाची भाषा तिला नको होती. दुष्काळातून वाचवून आणलेल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला स्वतः वाचून कळेल असं बायबल हवं होतं. मुक्तीतल्या बायकांनीच त्याचे टाइप जुळवले, छापलं, बांधलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, पुस्तक पुरं होऊन बाहेर पडलं ते त्यांच्या मागे, १९२४ साली. मंडळ्यांमध्ये मात्र बायबल सोसायटीची आवृत्तीच चालू राहिली. रमाबाईंचं भाषांतर मूळ वाक्यरचनेला इतकं चिकटून आहे की काही ठिकाणी ते अडखळतं, हे मान्य. तरी सगळं संस्कृत येणाऱ्या बाईने ते बाजूला ठेवावं आणि एकही संस्कृत शब्द धड न येणाऱ्या आमच्या उपदेशकांनी 'पवित्रीकरण' आणि 'समर्थन' (म्हणजे देवापुढे नीतिमान ठरणं) ओठांवर खेळवावं, याची मला गंमत वाटते.

लक्ष्मीबाई टिळकांचं आणखी निराळं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या त्यांच्या पाठोपाठ गेल्या नाहीत. वर्षानुवर्षं सोवळं पाळत, वेगळं रांधत राहिल्या. त्यांना पटवायला आख्खी मिशन होती, शिवाय घरात कवी नवरा. पण त्यांचं मन वळलं ते एका साध्या प्रश्नाने, जो त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला: ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळालं तेव्हा त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना कुणी उलगडून सांगितला असेलही, पण पाण्याच्या भांड्यापाशी तो कामाला आला नाही.

गंमत अशी की ज्या पुस्तकावरून आम्ही एवढी भारदस्त भाषा उभारली, ते पुस्तकच भारदस्त नाही. नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाची, ग्रीक भाषा अभिजात ग्रीकपेक्षा वेगळी का, याचा विद्वानांना बराच काळ उलगडा होत नव्हता. पवित्र आत्म्याने ती खास तयार केली, असंही काहींनी म्हणून टाकलं होतं. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इजिप्तच्या वाळूत कागदांचे ढीग सापडायला लागले. १८९६-९७ च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट हे दोन इंग्रज ऑक्सिरिंकस या जुन्या गावाचा उकिरडा खणत होते. त्यात निघाली पपायरसवरची पत्रं, करारपत्रं, करांच्या पावत्या, बायकोला धाडलेले निरोप. आडोल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने असली कागदपत्रं नव्या कराराशेजारी ठेवून वाचली आणि दाखवून दिलं की ही दोन्हीकडची भाषा एकच. बाजारातली, चावडीवरची. डोंगरावरच्या प्रवचनात येशू ढोंगी दानशूरांबद्दल जे क्रियापद वापरतो, ते त्या काळच्या पावत्यांवर नेहमी सापडतं: पूर्ण रक्कम मिळाली, आता येणं काही नाही. आपल्या मराठी बायबलात तिथे काय आहे? "ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत." भरून पावले! हे भाषांतर करणाऱ्याने इजिप्तची पावती बघितली होती की नाही कोण जाणे, पण सावकाराची नक्की बघितली असणार. त्याच अध्यायात पुढे प्रभूची प्रार्थना आहे. तिथे रोजची भाकर मागितली आहे, आणि ऋण सोडण्याची गोष्ट आहे. पतसंस्थेतल्या त्या गृहस्थांना मी हा अध्याय दिला. तारणाचा विषय मी पुन्हा काढलाच नाही, त्यांनीच काढला. म्हणाले, "राइट-ऑफ करतोय की हा, तेही जामीनदाराला न धरता." जामीनदाराबद्दल पुढे बोलायचं होतंच.

आमच्या मंडळीतल्या एक मावशी माझ्यावर नाराज असतात. त्यांचं म्हणणं, तुम्ही सगळं इतकं सोपं करताय की देवळात आल्यासारखं वाटायचं नाही. सोपं सोपं करत देव शेजारचा काका होऊन बसेल. मला त्यांचं म्हणणं पूर्ण खोडता येत नाही. उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायचे शब्द जुने आणि जड असावेत, असं मलाही वाटतं. वसईकडच्या माझ्या कॅथलिक मैत्रिणी सांगतात की व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर मिस्सा (त्यांची मुख्य उपासना) लॅटिनमधून मराठीत आली, तेव्हा त्यांच्या घरातली म्हातारी माणसं हरवल्यासारखी झाली होती. कळत काही नसे, पण आपलं होतं. त्या आपलेपणाला मी हसणार नाही. फक्त तो आपलेपणा आत राहून मुरलेल्या माणसाचा आहे. कालपरवा उंबरठ्यावर आलेल्याला तो उसना देता येत नाही. मावशी 'देवाच्या कोकऱ्या' (म्हणजे येशू) गातात तेव्हा त्यामागे त्यांची साठ वर्षं असतात. वहिनी तेच गाताना मनात बाजारातलं मटण येऊ नये म्हणून धडपडत असतात (हे त्यांनीच सांगितलं).

सोपं बोलण्याच्या नावाखाली गोड बोलणं मात्र मला सहन होत नाही. हल्ली ते फार चालतं. येशू तुमचा मित्र आहे, येशूकडे या, टेन्शन जाईल, नोकरी लागेल. या वाक्यांत अवघड शब्द एकही नाही, आणि तरी ती फसवी आहेत. कारण त्यांत वैऱ्यावर प्रीती करायची अट नाही, दुसरा गाल नाही, जगाशी वाकडं येण्याची शक्यता नाही. पोथीची भाषा जे झाकते तेच ही भाषाही झाकते, फक्त हसून.

मागच्या पावसाळ्यात इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा यायला लागला. वाचलेलं भरपूर, प्रश्न नेमके. काही महिन्यांनी म्हणाला, बाप्तिस्मा घ्यायचाय. आमचे वडीलमंडळी खूश झाले. जुन्या माणसाला मरण आणि नव्या माणसाचा उदय, असं काहीबाही त्याला ऐकवण्यात आलं. मी त्याला मागच्या खोलीत बसवलं आणि सरळ विचारलं, "जातीचा दाखला कुठला आहे?" तो चपापला. अनुसूचित जातीचा होता, शिष्यवृत्तीवर शिकत होता. मग मी त्याला सांगितलं की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हा दर्जा मुळात फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती माणसाला तो नाही. अनुसूचित जमातीला धर्माची अशी अट नाही, पण तुझं तसं नाही. याविरुद्ध दलित ख्रिस्ती लोक वर्षानुवर्षं कोर्टात आणि रस्त्यावर लढत आहेत, मला तो नियम अन्यायाचा वाटतो, पण आज तो आहे. तुझ्या शिष्यवृत्तीचं काय होईल, पुढे राखीव जागेवर अर्ज करता येईल का, हे पाण्यात उतरण्याआधी तुला माहीत हवं.

एका वडिलांना हे फार लागलं. म्हणाले, "ताई, आत्म्यांच्या कामात तुम्ही तहसील कचेरी आणली." आणली खरी. 'स्वतःचा क्रूस उचलून माझ्यामागे ये' हे वचन त्या मुलाला त्यांनीच फळ्यावर लिहून दिलं होतं. त्या क्रुसाचं वजन किती, कुठल्या खात्याचा शिक्का त्यावर असतो, हे सांगायचं राहिलं होतं.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आधी वडिलांशी बोलतो, ते गवंडीकाम करतात, त्यांना हे सगळं त्यांच्या भाषेत सांगावं लागेल. मी म्हटलं, सांग, आणि ते काय विचारतात ते मला येऊन सांग. दिवाळीनंतर तो परत आला. निर्णय अजून झालेला नव्हता. वडिलांनी तीन प्रश्न पाठवले होते, वहीच्या पानावर लिहून. आईच्या वर्षश्राद्धाला हा बसणार का? याच्या बहिणीच्या लग्नात अडचण येईल का? आणि नाव बदलावं लागतं का?

तिसरं सोपं होतं. नाही लागत. टिळक शेवटपर्यंत नारायण वामनच राहिले. पहिल्या दोन प्रश्नांवर आम्ही बसलो आहोत, आणि मावशींनाही बोलावून घेतलं आहे, कारण साठ वर्षांत त्यांनी अशी लग्नं आणि श्राद्धं दोन्ही पाहिली आहेत.